एक माप मोठ्या बांगड्या

डॉक्टरांनी दिलेल्या मलमाला डांबराचा वास येतो. आज अंघोळीनंतर ते मनगटाला लावलं आणि मावशीच आठवली. तिच्या लुगड्यालाही हाच वास असायचा. तिला सोरायसिस होता. दोन्ही मनगटांवर लाल, खवले सुटलेले चट्टे.

ताईच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी आली होती. सगळ्या बायका तिच्याभोवती बसलेल्या. मावशीनं हात पुढे केला आणि कासारणीनं आपला मागे घेतला. आता मावशी उठून आत जाणार, असं मला वाटलं.

मावशी उलट पुढे सरकली. "भिऊन काहून राहिली बाई? हे लागत नाही कोनाले. भ्याव तं मले हाय, तुह्या बांगडीचं! खरचटलं का तिथंच नवा चट्टा निघते. एक माप मोठ्या भर."

कासारणीला हसू फुटलं. तिनं मावशीचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. त्या सैल बांगड्या मग लग्नभर सगळ्यांपेक्षा जास्त वाजल्या.

तेव्हा मला ती नुसती धीट वाटली होती. आता तोच आजार माझ्या अंगावर आहे, आणि आपल्या कातडीचा स्वभाव तिनं किती शांतपणे ओळखला होता, ते कळतं.

ताईच्या लेकीचं लग्न आलंय. दुपारी राजापेठेतल्या बांगड्यांच्या दुकानात मी बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"एक माप मोठ्या दाखवा."