पँट्रीतल्या फोनला चिकटलेली वायर

मी रिसेप्शनच्या टेबलाखाली शिरून वायर तपासत होतो आणि वर नसीम रडत होती.

पनवेलमधलं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस. बंदरातले कंटेनर कस्टममधून सोडवून देणारी ही मंडळी. दिवसभर असे ओरडतात, की फोन नसता तरी आवाज थेट कुवेतला पोचला असता. त्यांचं ईपीएबीएक्स मी बसवलेलं. म्हणजे बाहेरून आलेल्या चार लाइन सगळ्या टेबलांवर वाटणारा डबा.

“काय झालं गं?”

“शेठ बोलले, पुढच्या महिन्यापासून येऊ नको. अशा वेळी घरीच आराम करायचा असतो म्हणे.” तिने आवाज खाली आणला. “गावंडभाऊ, मला दिवस गेलेत हे माझ्या सासूलापण ठाऊक नाय. फक्त कुवेतला यांना सांगितलंय. अल्लाची कसम, दुसऱ्या कुणाला नाय. शेठना कुणी सांगितलं?”

मी ताडकन उठलो. टेबल डोक्याला असं लागलं की सगळं पनवेल पिवळं दिसलं.

नसीम अकाउंट्समध्ये होती. घर माणसांनी गच्च, आणि घरातला एकुलता मोबाइल सासूच्या कमरेला. म्हणून नवरा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात फोन करायचा आणि ती पँट्रीत जाऊन बोलायची. तो फोन शेठनीच मोठ्या मनाने लावून दिला होता. “घरचं काय बोलायचं ते इथे बोला, धंद्याच्या लाइन अडवू नका.” स्टाफने तेव्हा शेठना देवाच्या शेजारी बसवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

याच ऑफिसात मी व्हॉइस लॉगरही लावला होता. फोनच्या वायरला जळूसारखं चिकटणारं यंत्र. बोलणं सुरू झालं की ते गुपचूप कॉम्प्युटरवर साठवतं. दर ठरवून मागाहून पलटणाऱ्या पार्ट्यांसाठी ते फक्त धंद्याच्या टेबलांवर लावलं होतं, आणि तिथे बसणाऱ्यांना मी स्वतः सांगितलं होतं. बाहेरून फोन करणाऱ्यांसाठीही मेसेज टाकू म्हटलं, तर शेठ म्हणाले, “नंतर बघू.”

मी लॉगरचं झाकण उघडलं. एक वायर जास्तीची. वर सेलोटेप गुंडाळलेली. मी चितेवरून उठून आलो तरी सेलोटेप वापरणार नाही! वायरीचा माग काढत गेलो, तर ती पँट्रीतल्या फोनला चिकटलेली.

तडक केबिनमध्ये घुसलो.

“शेठ, पँट्रीची वायर कुणी जोडली?”

“मी माणूस बोलावून घेतला. ऑफिस माझं, फोन माझा, बिल मी भरतो.”

“आणि तिचा नवरा? तोही बिलात आला का?”

“गावंड, तू वायरमन आहेस, वकील नाहीस.”

“घरचं बोला म्हणायचं आणि स्वतः कान लावून बसायचं? लाज वाटत नाही?”

“ती रजेवर गेली की काम कोण करणार, तू? जा, तुझं काम कर.”

काम कर म्हणाले, म्हणून केलं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर आधी मेसेज वाजेल अशी सोय केली. आवाज माझाच. माझा आवाज ऐकून आमच्या ओवे गावातल्या म्हशींचं दूध आटतं.

“या ऑफिसमधलं बोलणं रेकॉर्ड होतं आणि शेठ ते जातीने ऐकतात.”

आता या धंद्यातलं बोलणं कंटेनरबद्दल थोडं, आणि कस्टमच्या साहेबांना काय नि कसं पोचवायचं याबद्दल बरंच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पार्ट्या मेसेज ऐकत आणि फोन आपटत. एक बडी पार्टी रिक्षा करून आली आणि केबिनमध्ये नुसते हातवारे करून गेली. दुपारी शेठनी मला बोलावलं.

“गावंड, तो मेसेज काढ! लोक मला काय समजतायत माहितीय?”

“बरोबर समजतायत. रेकॉर्डिंग आहे तोवर मेसेज राहणार. मेसेज नको, तर लॉगर काढतो.”

“काढ बाबा!”

“आणि नसीमची नोकरी?”

“तिचा इथे काय संबंध?”

“तिची बातमी तुम्हाला कुठून कळली, तेवढं मेसेजमध्ये घालायचं राहिलंय.”

शेठ घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, “राहू दे तिची नोकरी.”

सगळ्या स्टाफसमोर रेकॉर्डिंग पुसलं. नसीम पुढे आली. आता डोळ्यांत पाणी नव्हतं.

“शेठ, ही खबर मी सांगणार होते. आधी सासूला, मग तुम्हाला. कधी ते मी ठरवणार होते. तुम्ही ते चोरलंत.”

शेठनी माफी मात्र अखेरपर्यंत मागितली नाही. मला त्याचा राग आजही येतो.

नसीमची नोकरी राहिली. रजा घेऊन, बाळंत होऊन ती परत आली आणि पहिल्या पगारात स्वतःचा मोबाइल घेतला. जेवणाच्या सुट्टीत ती खाली रस्त्यावर, रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभी राहून कुवेतशी बोलायची. पँट्रीतला फोन मी तपासून, साफ असल्याचं सगळ्यांना दाखवलं. तरी त्याला पुन्हा कुणी हात लावला नाही.

लॉगर काढायला मला दहा मिनिटं लागली होती. लोकांच्या मनातून तो काढायचं हत्यार माझ्या पेटीत नाही. म्हणून आता मी आधी मेसेज टाकतो, मग वायर जोडतो. मालकाला नको असेल, तर पेटी उचलतो आणि घरी जातो.