खालची रांग बराबर

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर कोणाचीही पारख चेहरा बघून केलेली नाही. ते थेट तोंडात बघतात. हसनाबादचे हे मामा म्हणजे आसपासच्या बैलबाजारांचं सर्वोच्च न्यायालय. कोणाला बैल घ्यायचा असला की मामांना मोटारसायकलवर मागे बसवून नेतात. मामा बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटतात, त्याचा खालचा ओठ अलगद खाली ओढतात आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निकाल देतात: "आदत हाय," म्हणजे अजून दुधाचे दात आहेत, "चार दाती हाय", किंवा मालकाकडे बघून, "तुमच्यापेक्षा वडील हाय, पाया पडा त्याच्या." हा निकाल फिरवायची कोणाची टाप नाही. माणसांनाही ते सोडत नाहीत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी पगार, शेती विचारत होती. मामांनी माझ्या हातात उसाचं कांडं दिलं आणि समोर बसून मी ते कसं सोलतो, कसं चघळतो हे बारकाईनं पाहिलं. "चावतो बराबर. द्या पोरगी." इतक्या कमी अभ्यासावर मी दुसरी कोणतीही परीक्षा पास झालेलो नाही. पुढे एका लग्नात वराचे काका केस काळे करून बेचाळिशीचे म्हणून मिरवत होते. ते मोठ्यानं हसले, ही त्यांची चूक झाली. मामा पंगतीतूनच म्हणाले, "पंचावन्न." त्या काकांनी उरलेलं लग्न तोंड मिटून पार पाडलं.

असं हे थोर न्यायालय, आणि त्याचा सर्वांत भोळा अशील मी.

आमची धाकटी मुक्ता सात वर्षांची असताना तिच्या शाळेत दाततपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, की हिचा वरचा जबडा अरुंद आहे, त्यामुळे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात आणि घास चावताना पोरगी हनुवटी डावीकडे सरकवते. हाड मऊ आहे तोवर जबडा हळूहळू रुंद करता येतो. मोठेपणी मग ऑपरेशनच. आता मी जालन्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल अशा पद्धतीनं मी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरवलं आणि मुक्ताला घेऊन हसनाबादला गेलो. मामांनी तिचा खालचा ओठ ओढला.

"खालची रांग बराबर. आदत हाय अजून. दुधाचे दात पडून तर जाऊ द्या, जावईबापू! वासराला कोणी तार बांधून राह्यलंय का?"

मला ते एकदम पटलं. या सल्ल्यात रजा काढावी लागत नव्हती, ही त्याची सर्वांत मोठी शास्त्रीय बाजू होती. बायको मात्र दर आठवड्याला म्हणायची, "पोरीला काय बैलबाजारात उभी करायचीय का?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायचो. असं वर्ष गेलं. त्या वर्षात मुक्ता हसताना तोंडावर तळहात धरायला लागली. वर्गातलं कोणीतरी तिला वाकड्या तोंडाची म्हणालं होतं. कविता पाठांतरात दरवर्षी पहिली येणारी ही पोरगी स्नेहसंमेलनाच्या वेळी बाईंना म्हणाली, "मी पडदा ओढते." ते कळलं त्या दिवशी बायको मला न विचारता डॉक्टरांकडची वेळ घेऊनच घरी आली.

नेमके मामा तेव्हा जुन्या जालन्यात सरकी घ्यायला आले होते. "चला, म्या बी बघतो तुमच्या डाक्टरीणबाईला," म्हणून दवाखान्यात आले. बाईंनी मुक्ताच्या दातांचे प्लास्टरचे साचे टेबलावर ठेवले. मामांनी सराईतपणे खालचा साचा उचलला. "बराबर हाय की!"

"खालचा बरोबरच आहे, आजोबा. वरचा बघा."

"वरचा?"

गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. बघायला काही नाही, म्हणून मामांनी उभ्या जन्मात वरचा जबडा बघितलेला नव्हता. मी तर दरवर्षी रवंथ करणाऱ्या प्राण्यांचा धडा आकृतीसह शिकवतो. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मामांनी वरचा साचा उचलला आणि अंगठ्यानं एकेक दाढ चाचपली. मग विचारलं, "येळ गेली का, बाई?"

"नाही गेली. पण आता थांबू नका."

मुक्ताच्या टाळूला एक लहानसं यंत्र बसलं, त्या दिवशी मामाही मुद्दाम आले. त्यातला स्क्रू रोज संध्याकाळी बारीक चावीनं एकदा फिरवायचा. हे काम पालकांचं. पहिल्या संध्याकाळी मी चावी लावायला गेलो आणि ती थेट पोरीच्या फ्रॉकमध्ये पडली. बायकोनं डोळे मिटून घेतले. मुक्ता रडायला लागली.

"सरका, जावईबापू. तुम्ही फळ्यावरच लिहा."

मामांनी हात धुतले, मुक्ताच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि तिनं आपणहून तोंड उघडलं. क्षणभरानं ती म्हणाली, "करा ना आता."

"झालं की कव्हाच."

आमच्याकडचं पाणी गोड लागत नाही म्हणून दुसरी रात्र न थांबणारे मामा चक्क तीन आठवडे राहिले. दुसऱ्या आठवड्यात मुक्ताच्या वरच्या दोन दातांमध्ये फट पडली. मामांचा चेहरा उतरला, जेवले नाहीत. सकाळी कोणाला न सांगता रिक्षा करून गेले आणि दवाखाना उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिले. परत आले ते छाती काढून. "फट पडायलाच पाहिजे. जबडा उघडून राह्यलाय. बुजती मंग आपोआप. इज्ञान हाय ते, जावईबापू, तुम्हाला न्हाई कळायचं."

शेवटी बाईंनी सांगितलं, आता चावी बंद. यंत्र काही महिने नुसतं तोंडात राहील.

"मंग उद्या काही न्हाई?" मामांनी विचारलं.

"काही नाही, आजोबा. छान झालं काम."

सकाळी मामांनी पिशवी भरली. स्टँडवर मुक्तानं दोन्ही हातांनी त्यांची पिशवी धरली होती. मामा तिला काहीतरी म्हणाले आणि ती फटीसकट खदखदून हसली. मामा बघत राहिले. वय बिय काही सांगितलं नाही. गाडी लागली तसे चढले आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले.

त्या दिवसापासून ती चावी घरात सापडत नाही. मी फोन केला, तर म्हणाले, "कोणची चावी?" बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला इतकंही खोटं बोलता येऊ नये!