परीच्या दारावरची तारीख

मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालणं हे तिचं काम. इस्पितळात सगळे तिला प्लास्टरबाई म्हणत. डॉक्टर कागदावर दोन ओळी खरडून मोकळे होत, आणि त्या दोन ओळी ती दिवसभर उभ्याने निस्तरत असे. पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची, गुंडाळायची, तळहाताने गुळगुळीत करायची, आणि माणूस कितीही ओरडला तरी त्याचा पाय तसूभर हलू द्यायचा नाही. अशी चौदा वर्षं. दमणं म्हणजे एक झोप काढली की जाणारी गोष्ट, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस तिच्या जागी उभं राहून पाहावं.

घरी दोन मुली आणि सासूबाई. नवरा लांब कुठे पुलाच्या कामावर, महिन्यातून दोन दिवस उगवायचा. थोरली नऊ वर्षांची, धाकटी पाच. धाकटीला गोळी म्हणत, कारण ती चालत नसे, सुटत असे.

थोरलीने एका मैत्रिणीकडे परीचं दार पाहिलं होतं. भिंतीच्या तळाशी, वीतभर उंच, रंगवलेलं, मणी लावलेलं. मागे काही नाही, नुसती भिंत. पण परी तिथून ये-जा करते म्हणे. "आपण पण करू या ना, आई. तू, मी आणि गोळी." आई म्हणाली, "रविवारी नक्की." त्या रविवारी ती बसल्या जागी झोपली. पुढच्या रविवारी कुठेतरी बस उलटली आणि इस्पितळातून बोलावणं आलं. त्याच्या पुढच्या रविवारी खोका कापायला घेतला खरा, पण कात्री हातात असतानाच डोळा लागला. जागी झाली तेव्हा कात्री कपाटात गेली होती आणि तिच्या अंगावर चादर होती.

त्यानंतर तिनेच विषय काढला, तर थोरली म्हणाली, "राहू दे गं. तू झोप."

रागाने म्हणाली असती तर बरं. म्हणाली ती अगदी समजुतीने. बाकावर ताटकळलेल्या नातेवाइकांना प्लास्टरबाई ज्या आवाजात "बघू हं, येतील डॉक्टर" म्हणते, अगदी त्या आवाजात. यातून काही निघायचं नाही हे माहीत असलेल्या माणसाचा तो आवाज असतो, आणि तो तिच्याइतका कोणाला ओळखता येणार? मग तिला आठवलं, पोरगी गेल्या कित्येक दिवसांत भांडलीसुद्धा नव्हती. शेजारणी म्हणत, किती गुणाची आहे! शेजारणींचं काय जातंय म्हणायला.

म्हणून शाळेची सुट्टी आणि तिची रजा असा योग एकदाचा जुळला, तेव्हा सकाळी उठल्या उठल्या तिने जाहीर केलं, "आज मेले तरी दार करणार."

"मेल्यावर कशी करशील?" सासूबाई म्हणाल्या. "आधी चहा घे."

गोळी टुणकन उडाली. थोरलीने "बरं" म्हटलं आणि पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

खोक्याचा पुठ्ठा कापून कमानीचं दार केलं. ते उभंच राहीना. टेकवलं की मान टाकी. गोंद लावला तर जास्तच मऊ पडलं. गोळी म्हणाली, "परी चेंगरेल." थोरलीने फक्त एकदा घड्याळाकडे पाहिलं. आई किती वेळ टिकते याचा तो हिशेब होता, आणि आईला तो लागला.

प्लास्टरबाईला त्या क्षणी खरोखर आडवं व्हावंसं वाटत होतं. पाठ ठणकत होती. पण तिला आपली पिशवी आठवली. त्यात पट्ट्यांचे उरलेले तुकडे होते. इस्पितळात ते फेकूनच देत, ही गोळीच्या बाहुलीसाठी आणत असे.

"बादलीत कोमट पाणी घ्या," ती म्हणाली. "आणि बटणं, मणी, खडे, काय असेल ते हाताशी ठेवा. चार मिनिटं मिळतील. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी काही हलायचं नाही."

सासूबाईंनी बटणांचा डबा पुढे केला. सगळा जन्म शिवणकामात घातलेल्या बाईचा डबा, कोणाला हात लावू देत नसत. "शिंपल्याची तेवढी घेऊ नका," असं म्हणाल्या आणि शिंपल्याचीच दोन काढून दिली.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाई अर्धवट झोपेत, पण हात टक्क जागे. पट्टी बुडवली, पिळली, पुठ्ठ्यावर आडवी, उभी, तिरकी बसवली, तळव्याने फिरवली. गोळीने बटणं दाबली, उंबऱ्याला खडे लावले. थोरली लांबून बघत होती. मग तिला राहवेना. "अगं, मूठ अशी मधोमध असते का दाराला?" असं म्हणून तिने गोळीने लावलेलं बटण उपटलं आणि कडेला बसवलं.

"आई, हे गरम होतंय!" गोळी ओरडली. "परीला ताप आला!"

"घट्ट होताना ते तापतंच. हात काढ."

दार दगडासारखं झालं. पांढरंशुभ्र, कमानदार. भिंतीला टेकवलं तर शिपायासारखं ताठ उभं. प्लास्टरबाईने दीर्घ श्वास घेतला, पिशवीतून काळं पेन काढलं, आणि दाराच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं: घातलं, आजची तारीख. खाली: काढायचं, सहा आठवड्यांनंतरची तारीख.

सासूबाईंना हसू फुटलं. "काय गं, परीचा पाय मोडला की काय?"

तिने पेनाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. चौदा वर्षं प्रत्येक प्लास्टरवर तारीख घातल्याशिवाय तिने माणूस सोडला नव्हता. हाताने आजही सोडला नाही. ओल्या फडक्याने पुसायला गेली तर शाई आणखी पसरली. तिने फडकं खाली टाकलं आणि भिंतीला टेकून बसली. आता रडू येतंय की झोप, हे तिचं तिलाच कळेना.

"रंग देऊ वरून," ती म्हणाली. "झाकलं जाईल."

"थांब," थोरली म्हणाली. ती गुडघ्यांवर बसून वाचत होती. "काढायचं म्हणजे काय? त्या दिवशी दार निघणार?"

"उघडणार!" गोळी म्हणाली. "परी बाहेर येणार!"

"तू गप्प बस गं. आई, कोण काढणार?"

"मीच."

"त्या दिवशी तुला सुट्टी आहे?"

"हो" म्हणायला काय लागतं? जीभ उचलायची. तीन वेळा उचललीच होती. प्लास्टरबाईने डोळे चोळले.

"माहीत नाही. पुढच्या महिन्याच्या पाळ्या अजून लागल्या नाहीत. बहुतेक नसणारच. संध्याकाळी येईन, दमलेली असेन, आणि कदाचित चिडलेली पण."

थोरली विचारात पडली. "किती वाजता येशील?"

"साडेसहा."

"सहा."

"अगं, बस साडेपाचला सुटते, मी काय उडत येऊ?"

"मग धावत ये. मैत्रीण किती वेळ थांबणार? मी तिला बोलावणार आहे."

"परस्पर ठरवलंस पण?"

"बोलावणारच! आणि रंग द्यायचा नाही. तारीख दिसली पाहिजे, नाहीतर तू म्हणशील मी कधी म्हटलं होतं."

"बघ, बघ, कशी बोलते आईला," सासूबाई म्हणाल्या.

"बोलू दे," प्लास्टरबाई म्हणाली.

बादली अजून तशीच होती. प्लास्टर उतरलेलं ते पाणी मोरीत ओतलं की नळी कायमची तुंबते, म्हणून तीन जिने उतरून मागच्या मोकळ्या जागेत टाकावं लागणार होतं. तिने कमरेवर हात ठेवून स्वतःला उठवलं. थोरलीने बादलीच्या कडीला दुसऱ्या बाजूने हात घातला. दोघी एकेक पायरी उतरत होत्या, पाणी हिंदकळून पायांवर उडत होतं, आणि थोरलीचं चालूच होतं: "सव्वासहा. बास. त्याच्यापुढे एक मिनिट नाही. एवढं तरी जमेल ना तुला?"

"सहा वीस," प्लास्टरबाई म्हणाली, "आणि पायरी बघून उतर."