सातवा उद्गार आणि माझी अकरा पानं

गुड फ्रायडेला आमच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर एकेक जण बोलणार. तिसरा उद्गार आईबद्दलचा, म्हणून तो ठरलेला बाईमाणसाला. सहा वर्षं तो माझ्याच वाट्याला आला. एका वर्षी मात्र पाद्रीसाहेबांनी मला सातवा दिला, शेवटचा, ज्यात प्रभू स्वतःला पित्याच्या हाती सोपवून देतो. समर्पणाचा! तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी, चार ओळींत थांबते थोडीच. अकरा पानं लिहिली, तीही हिंदीत, कारण मंडळीत ओडिया, मल्याळी, छत्तीसगढी सगळेच.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्याकडे त्यागाचे, रविवारी तेवढी सुट्टी. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. मी राग सोडला. हसू नका. रिसालीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला माझा राग माहीत आहे. भाजीवालाही आमच्या दारासमोर आवाज खाली आणतो.

नवऱ्याला विचारलं, "तुमी काय सोडून राहिले?"

"मी तुझं भाषण रोज ऐकून राहिलो ना," ते म्हणाले. "मले तेवढाच त्याग पुष्कळ."

खरंच ऐकायचे हो. इथल्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलच्या गोंगाटात नोकरी करता करता त्यांचे कान गेले, तेव्हापासून कानात ऐकायची मशीन असते. सुट्टीचा वार सोडता रोज संध्याकाळी व्हरांड्यात मी वाचायची आणि ते समोर बसून मान डोलवायचे. मधे एकदाही टोकलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी पडले भोळी. मनात म्हटलं, बिचारा किती प्रेमानं ऐकतोय.

गुड फ्रायडे उजाडला. प्रत्येकाला वीस-वीस मिनिटं ठरली होती. पहिल्यानंच चाळीस घेतली. पाचवा उद्गार तहानेचा, आणि बोलणारे गृहस्थ पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. ते बोलत बोलत मरोद्याच्या जलाशयापर्यंत गेले आणि परत येईचनात. एप्रिलची दुपार, लोक उपाशी, आणि हा माणूस पाण्याचं वर्णन करतोय! मी पदराखाली मुठी आवळून बसले. राग सोडलेला होता ना.

माझं नाव पुकारलं तेव्हा घड्याळात तीनला तीन मिनिटं कमी होती. ठीक तीनला घंटा होते, त्यात बदल नाही. मी अकरा पानं घेऊन उभी राहिले. समोर बघितलं तर पुढच्या बाकावरची म्हातारी गाण्याच्या पुस्तकानं वारा घेत होती, आणि तिची नजर माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर. तिच्या चेहऱ्यावर शुद्ध भीती होती. मी वचन वाचलं, "प्रभु ने सौंप दिया, हम भी सौंप दें, आमेन," म्हटलं, आणि खाली बसले.

बाहेर लोकांनी घेरलंच. "दीदी, कितना छोटा, कितना गहरा!" पाद्रीसाहेब तर म्हणाले की खरं समर्पण आज दिसलं. कसलं डोंबलाचं समर्पण! मी रागानं बसले होते. त्या पाणीवाल्याला मी मनातल्या मनात त्याच्याच जलाशयात बुडवलं होतं.

शनिवारी दिवसभर मी घरात कुणाशी बोलले नाही. कुणाशी म्हणजे त्यांच्याशीच. मला रडू येत होतं. एवढी वर्षं वाट बघितली, एवढं लिहिलं, आणि चर्चमधल्या एका माणसानंही ते ऐकलं नाही. संध्याकाळी ते व्हरांड्यात येऊन समोर बसले. खिशातून एक डबी काढली, तिच्यातून मशीन काढून कानात घातली, आणि म्हणाले, "हं. वाच आता."

मी डबीकडे बघितलं. "म्हणजे? इतके दिवस मी वाचायची तेव्हा मशीन कुठं होती?"

"डबीत."

"चाळीस दिवस?"

"रविवार सोडून."

अरे देवा! ईस्टरला अजून एक रात्र बाकी होती, नाहीतर त्या दिवशी गल्लीनं काय काय ऐकलं असतं. मी दात खाल्ले, पानं आणली आणि सूड म्हणून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

चौथ्या पानावर मला वाटलं, हे आधीही म्हटलंय. सहाव्यावर समर्पण हा शब्द इतक्यांदा आला की माझाच जीव उबगला. आठव्यावर मला जांभई आली. वर बघितलं. ते तसेच बसले होते, ताठ, डोळे उघडे, कपाळावर घाम. एक हात कानाजवळ जायचा आणि परत मांडीवर यायचा.

"पुरे," मी म्हटलं. "काढा ती मशीन."

"नाही," ते म्हणाले. "अजून तीन पानं आहेत. वाच तू."

मी पानं मिटली. म्हटलं, जाऊ द्या, चहा टाकते. आणि उरलेली तीन पानं मी आजवर कुणालाच वाचून दाखवलेली नाहीत.