तोडे मोडून घेतलेलं नाणं

चिंच कोळताना वास आला की मला ते डबीतलं नाणं आठवतं. मुलानं आईचे चांदीचे तोडे मोडून ते मागवलं होतं. कुण्या मोठ्या माणसाच्या नावानं सरकारनं काढलेलं, मखमली डबीत ठेवलेलं. "नाणी जमवणाऱ्यांत याचा भाव चढतच जातोय," म्हणाला. दिवाळीत लक्ष्मी मांडली तेव्हा हिनं, माझ्या बायकोनं, ते डबीतून काढलं, चिंचेनं लख्ख घासलं अन् हळदकुंकू लावून पुजलं. चांदीची लक्ष्मी आमच्याकडं अशीच पुजतेत. मुलगा पाहुण्यांदेखत तिच्यावर खेकसला, "काय करायलीस, आई? घासलं की भाव गेला, एवढं बी कळत न्हाई का?" ती पुन्हा त्या डबीला शिवली न्हाई. पुढं उन्हाळ्यात ती आजारी पडली, दुखणं वाढलं, तेव्हा औषधपाण्याच्या पैशासाठी आम्ही दोघं ते नाणं घेऊन गुलबर्ग्याच्या सराफाकडं गेलो. त्यानं काट्यावर टाकलं. "अक्का, यात निम्मं तांबं हाय. चांदीच्या वजनाचेच पैसे मिळतेत." हिनं विचारलं, "न घासता आणलं असतं तर?" तो म्हणाला, "तरी एवढेच. असली नाणी कोण इचारतंय?" एका तोड्याएवढेही पैसे येईनात, म्हणून परत घेऊन निघालो. बसमध्ये ती म्हणाली, "मग माझ्या कुंकवानं काय बिघडलं व्हतं?" त्याच उन्हाळ्यात ती गेली. मुलगा अजून फोनवर विचारतो, "नाण्याला कुणी हात लावत न्हाई ना, अप्पा?" मी न्हाई म्हणतो, अन् दिवाळी आली की तिच्या जागेवर बसून मीच ते चिंचेनं घासतो, कुंकू लावतो.