वनमालाने तपासलेला पेपर

दुपारची भांडी आवरली की देवाचं नाव लिहून मी या वहीत दिवसाच्या चार ओळी लिहिते. आज चार ओळींत भागणार नाही. आज वनमालाबद्दल लिहायचं आहे.

वनमाला माझ्या शेजारची. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत, आणि तीही अशी की तिच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते. माहेर वेंगुर्ल्याकडचं. लग्न करून अंधेरीत आली तेव्हा सासऱ्यांची गिरणी केव्हाच बंद पडली होती, आणि नवरा चंद्रप्रकाश कुरिअरची पाकिटं वाटत होता. मग हिनंही साकीनाक्याला रबराचे वायसर बनवणाऱ्या एका गाळ्यात काम धरलं. चेकिंगच्या टेबलावर. समोर वायसरचा ढीग, डाव्या हाताला रिजेक्टचा डबा, उजव्या हाताला पासचा. एकेक वायसर बोटांवर फिरवून बघायचा आणि टाकायचा. शेठ म्हणायचा, "वनमाला, एखादा जाऊ दे ना, कोण बघतंय?" ही म्हणायची, "मी बघतेय ना."

घरीही तीच सवय. भाजीवाल्याचे टोमॅटो, इस्त्रीवाल्याची घडी, चंद्रप्रकाशची दाढी, सगळं पास नाहीतर रिजेक्ट. मी एकदा सत्यनारायणाचा शिरा दिला तर हात जोडून घेतला, डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाली, "वहिनी, प्रसाद म्हणून पास. शिरा म्हणून रिजेक्ट." मला राग आला, पण केळं जास्त झालं होतं हे खरंच होतं.

तिची एकुलती एक मुलगी अक्षता. दहावीपर्यंत मराठी शाळेत पहिल्या पाचांत, मग बारावी सायन्स इंग्रजीतून. बाकी विषय निभले, केमिस्ट्रीनं मात्र रडवलं. क्लासचा खर्च झेपत नव्हता. वनमाला दहावी शिकलेली. तिनं सरळ गाळ्यावरची पद्धत घरी आणली. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापले, एका बाजूला पुस्तकातला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अक्षताकडूनच लिहून घेतलं आणि बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे मांडले. पोळ्या लाटता लाटता ही अडखळत इंग्रजी प्रश्न वाचणार, मुलगी उत्तर देणार, ही कार्ड उलटून अक्षर अन् अक्षर जुळवणार.

"मोलॅलिटीत काय धरायचं? सोल्यूशनचा लिटर की सॉल्व्हंटचा किलो?"

"सॉल्व्हंटचा किलो."

"पास. ऑस्मोसिस?"

"अगं आई, तुझ्या खिरीतल्या मनुका फुगतात ना, ते."

"मनुका परीक्षेत लिहिणारेस? रिजेक्ट! पुस्तकातलं बोल."

वरच्या मजल्यावरची सईही तिथेच बसायची, अक्षताच्याच वर्गातली. तिघींचं हसणं मला भिंतीतून ऐकू यायचं आणि माझा जप चुकायचा.

एक कार्ड मात्र महिनोन्महिने रिजेक्टच्या डब्यातच राहिलं. गॅल्व्हॅनिक सेलमध्ये ॲनोडचं चिन्ह कोणतं? अक्षता दर वेळी म्हणायची, प्लस. मराठी शाळेत ॲनोड म्हणजे धनाग्र असं घोकलेलं, मग तो धनच असणार ना! इथे मात्र उलटं. विजेवर चालणाऱ्या सेलमध्ये ॲनोड धन असतो, पण स्वतःच वीज तयार करणाऱ्या सेलमध्ये ऋण. मला यातलं काही कळत नाही, पण ऐकून ऐकून पाठ झालं. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि भिंतीपलीकडून रोज डब्यात कार्ड आपटल्याचा आवाज. "रिजेक्ट गो बाय, रिजेक्ट!"

डिसेंबरच्या शेवटी अक्षताला कावीळ झाली. आधी सगळ्यांना वाटलं, पथ्यपाण्यानं उतरेल. उतरली नाही, लिव्हरवर गेली. हॉस्पिटलात नेलं तेव्हाही पोरीनं आईला कार्डं पिशवीत घालायला लावली. मी गणपतीला अभिषेक बोलले, वनमालानं गावच्या देवीला खण-नारळ बोलला. संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी आमच्या मजल्यावर झालंच नाही. अक्षता गेली.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. "राउल्ट्स लॉ." मग काहीच नाही. मग हळूच, "पास." कार्ड डब्यात पडलं. मी पळत गेले. वनमाला एकटीच ओट्याशी, परातीत कणीक, समोर दोन डबे.

"वहिनी, अर्धी कार्डं राहिलीत," ती म्हणाली. "उजळणी पुरी केल्याशिवाय पेपर कसा द्यायचा?"

"कोण देणार गं पेपर?"

"ती देणार होती ना? मग तिला किती पडले असते ते मला कळायला हवं. माका तेवढा एकच कळूक होया." भान सुटलं की तिच्या तोंडी गावची भाषा येते. "सईला पाठवायला सांगा. ती पेपर देईल, मला प्रश्न आणून दाखवेल. मी तपासेन."

मी वर गेले. सईची आई जानकी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"नीलाताई, तुम्ही देवाधर्माचं जाणता, म्हणून तुम्हालाच विचारते. त्या घरात आता पोरीला पाठवू? परीक्षेच्या तोंडावर?"

"सुतक फिटलं जानकी. शास्त्रात काही आडवं येत नाही."

"शास्त्र नाही हो," ती म्हणाली. "दोघी एका बाकावर बसायच्या. एक गेली. मी आई आहे, मला भीती वाटते."

तिच्यावर रागवायला मला जमलं नाही. सई आतल्या दारात उभी राहून ऐकत होती.

मग मीच रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन वनमालाकडे बसू लागले. ती प्रश्न वाचायची, थांबायची, अक्षताला येत होतं ते पास, येत नव्हतं ते रिजेक्ट. स्वतःच्या मुलीलाही एक मार्क फुकट देत नव्हती. एका संध्याकाळी तिनं एक कार्ड काढलं आणि ती थबकली. ॲनोडचं. ते पासच्या डब्यात होतं.

"हे कधी पास झालं?" मी विचारलं.

"हॉस्पिटलात." ती कार्डाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली, वायसरवरून फिरवते तसं. "त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की आता फार आशा धरू नका. मी आत आले. ती म्हणाली, आई, विचार. मी हे विचारलं. ती म्हणाली, प्लस. चूकच की. पण वहिनी, माझ्या तोंडून रिजेक्ट निघेना. मी म्हटलं, बरोबर, पास. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर कार्डं मागितलीच नाहीत. दमली असेल."

तिनं ते कार्ड पुन्हा रिजेक्टच्या डब्यात टाकलं.

केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी सकाळी वनमाला माझ्या दारात आली. हातात वाटी, वाटीत दही-साखर. "वर्षाच्या आत शुभाला माझ्या हातचं नको. तुम्ही तुमच्या हातानं सईला द्या. जानकीला सांगू नका."

मी जिन्यात उभी राहिले. जानकी सईला घेऊन उतरली. मी सईच्या तळहातावर दही घातलं आणि तिची नजर वाटीवर गेली. बारशाला आलेली स्टीलची वाटी, कडेला टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, अक्षता. जानकीनंही ते वाचलं. सईनं हात चाटून स्वच्छ केला आणि माझ्याकडून वाटी घेऊन उरलेलं दहीही संपवलं, वाटी दप्तरात ठेवली. जानकीनं पदर तोंडाला लावला. "चल, उशीर होईल," एवढंच म्हणाली.

दुपारी दार वाजलं ते वनमालाचं. मी तिथेच होते. सई युनिफॉर्मवर, एका हातात ती वाटी, दुसऱ्या हातात प्रश्नपत्रिका. मागे दोन पायऱ्यांवर जानकी उभी.

"काकू, तपासायचा ना पेपर?"

वनमालानं जमीन पुसून चटई घातली. दोघी बसल्या. जानकी आत आली आणि उंबऱ्याजवळच टेकली. सई प्रश्न वाचायची, वनमाला डोळे मिटून सांगायची.

"बफर सोल्यूशन? तिला येतं. पूर्ण मार्क."

"हाफ लाइफचं गणित?"

"सूत्र लिहिलं असतं, उत्तरात पॉइंट चुकवला असता. अर्धे दे."

"काकू, द्या ना पूर्ण."

"का? पोर गेली म्हणून? रिजेक्टला पास नाही म्हणायचं." थोडं थांबून म्हणाली, "एकदाच म्हटलं."

पान उलटलं. सईनं पुढचा प्रश्न वाचला आणि तिचा आवाज बारीक झाला. गॅल्व्हॅनिक सेलमध्ये ॲनोडचं चिन्ह.

"चूक," वनमाला लगेच म्हणाली. "प्लस लिहिलं असतं तिनं. शून्य दे."

सई काही लिहीना.

"दे म्हणते ना."

"काकू, हे तिला येत होतं." सई पेपरकडे बघतच बोलत होती. "मलाच येत नव्हतं. ॲडमिट व्हायच्या आधी तिनं मला फोनवर समजावलं. म्हणाली, ऑक्सिडेशन तिथे होतं, इलेक्ट्रॉन तिथून सुटतात, म्हणून तो मायनस. म्हणाली, आईला सांगू नको, पेपरच्या आदल्या दिवशी बरोबर सांगून तिला चकित करणार. आज मी तिच्यामुळेच बरोबर लिहिलं."

वनमालाचा हात चटईवर काहीतरी शोधल्यासारखा फिरत राहिला.

"म्हणजे तिला येत होतं," ती म्हणाली. "आणि तिनं मला मुद्दाम प्लस सांगितलं."

"मस्करी केली असेल गं," मी म्हटलं.

"नाही वहिनी. मी बाहेरून आले तेव्हा माझं तोंड बघितलं होतं तिनं. तिला बघायचं होतं, आई रिजेक्ट म्हणते की नाही. मी रिजेक्ट म्हटलं असतं तर तिला कळलं असतं, पेपर अजून द्यायचाय. मी पास म्हटलं. माझ्या पोरीला मीच सांगितलं गो. डॉक्टरांनी नाही. मी सांगितलं."

जानकी उंबऱ्यापासून उठली आणि तिच्याजवळ येऊन बसली. तिनं वनमालाचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. मला देवाचं नावसुद्धा आठवेना. इतकी वर्षं जप केला, आणि त्या वेळी जिभेवर काही येईना.

वनमालानं डोळे पुसले, रिजेक्टचा डबा ओढला आणि तळातून ते कार्ड काढलं. दोन्ही बाजू बघितल्या. अक्षताचं गोल अक्षर होतं त्यावर.

"सई, मार्क दे तिला," ती म्हणाली. "पूर्ण. आणि पुढचा प्रश्न वाच."

सईनं वाचला. मी उठून वनमालाच्याच देवापुढे दिवा लावला. मागे वनमाला तपासत होती, पूर्ण, अर्धा, शून्य. ते कार्ड तिनं कुठल्याच डब्यात टाकलं नव्हतं. पेपर संपेपर्यंत ते तिच्या मुठीतच होतं.