मामांनी न घेतलेली रजा

आजारपणावर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस मी आमच्या सुनेच्या मामांखेरीज दुसरा पाहिला नाही. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या. स्वतःची शिंक ते जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेन गावच्या हवेला बहाल करून मोकळे होत. पण समोरच्याचा नुसता आवाज बसला की मामांच्या डोळ्यांत एक हळवं धुकं उतरायचं, हात आपोआप त्याच्या कपाळाकडे जायचा. "घरी जा बाळा," ते म्हणायचे. "आजारपण म्हणजे पुरुषाचं माहेरपण. ते अर्धवट सोडून येऊ नये."

वीस वर्षं एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढल्यावर तो कारखाना बंद पडला आणि मामा माझ्या दुकानात मिनीजॉबवर, म्हणजे आठवड्याला मोजक्या तासांच्या कामावर, आले. पुढच्या बाजूला डाळ-तांदूळ-लोणची, मागे दुपारच्या गरम जेवणाचा काउंटर, आणि गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठातली पोरं नाहीतर इंजिनियर, असं ते दुकान. मामा मला 'व्याहीबुवा' म्हणत, माझी थट्टाही करत; पण मी उभा असेन तर खुर्चीवर कधी बसले नाहीत. ते मुलीकडचे, मी मुलाकडचा. जर्मनीत तीस वर्षं काढूनही ही एक गोष्ट आम्ही दोघांनी कुठल्याही कागदावर सही न करता पाळली होती.

मामांना घाई ठाऊक नव्हती. त्यांची सायकल इतकी सावकाश चाले की फुटपाथवरच्या आजीबाई त्यांना 'मॉर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणत पुढे निघून जात. तूरडाळ मोजताना वरणाच्या पातेल्यातून वाफ उठली की मामा हातातलं माप हवेत धरून ती वाफ छतापर्यंत पोचवून येत. एकदा समोर एक जर्मन गृहस्थ डाळीसाठी उभे होते. ते आधी घड्याळ पाहत होते, मग मामांकडे पाहू लागले, मग मामा काय पाहताहेत ते पाहू लागले. शेवटी "आल्झो...", म्हणजे 'तर मग...', म्हणत ते भानावर आले आणि डाळ न घेताच, पण अगदी प्रसन्न चेहऱ्याने निघून गेले.

कुणी आजारी पडलं की मामा मऊ भात आणि मेतकूट घेऊन हजर. फ्लूने पडलेल्या एका विद्यार्थ्याच्या खोलीवर असेच गेले, उशाशी बसले, त्याला झोप लागावी म्हणून हलक्या आवाजात कोकणातल्या पाणंदीचं वर्णन करू लागले, आणि त्या पाणंदीत स्वतःच हरवले. पोराचा मित्र संध्याकाळी आला तेव्हा आजारी पोरगा ओट्याशी डबा घासत होता आणि त्याच्या पांघरुणात मामा शांत घोरत होते.

तोच पोरगा माझ्या काउंटरवर तासावर काम करायचा. त्याच्या आठवड्याचा पगार मी सरळ कापला. "तासावरच्या माणसाला कसली आजारपणाची रजा? आला तर पगार, नाही तर नाही," मी म्हणालो. पुण्यात वडिलांच्या छापखान्यात रोजंदारीची हीच रीत पाहत मी मोठा झालो. इथला कायदा वेगळा असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण एरवी वाफेवर तरंगणारे मामा त्या दिवशी एकदम जमिनीवर आले. "व्याहीबुवा, ताप काय तास मोजून येतो? विचारा तुमच्या त्या बाईंना!"

त्या बाई म्हणजे माझे कर भरून देणाऱ्या सल्लागार. त्यांचं दोन पानी पत्र आलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की चार आठवडे नोकरी झाली की तासावरच्या माणसालाही आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार द्यावा लागतो. दुसऱ्यावर होतं की घरातल्या कुणाला सांभाळायची वेळ अचानक आली तर तासावरच्या माणसालाही दहा दिवसांपर्यंत कामावरून दूर राहण्याचा हक्क आहे. मी पहिलं पान सगळ्यांना वाचून दाखवलं, पोराचा पगार दिला. दुसरं पान घडी करून खणात ठेवलं. कुणी विचारलं तर सांगू, असं मनाशी म्हणालो.

पुढच्या फेब्रुवारीत मामी मोठ्या ऑपरेशननंतर घरी आल्या. सकाळी दुकान उघडता उघडता मामा काउंटर पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ-दहा दिवस घरी राहिलो तर चालेल का? हिला उठवायला-बसवायला कुणी नाही."

काउंटरवर काम करणाऱ्या दोन्ही पोरांच्या परीक्षा होत्या. दुपारची गर्दी मला एकट्याला दिसत होती.

"आजारी तुम्ही नाही ना मामा, मामी आहेत," मी म्हणालो. "तुम्हाला ताप असता तर गोष्ट वेगळी. तासावरच्या माणसाला दुसऱ्यासाठी रजा नसते."

"बरोबर आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी ॲप्रन बांधला.

मामी उन्हाळा लागायच्या आत गेल्या. त्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळीत मी मामांना शाल-श्रीफळ दिलं आणि माइकवरून सांगितलं, "या माणसाने माझ्याकडे एका दिवसाचीही रजा कधी मागितली नाही." टाळ्या पडल्या. मामांनी मान खाली घातली. परतताना ट्रेनमध्ये सूनबाईने विचारलं, "बाबा, मामी आजारी होती तेव्हाही नाही मागितली?" मी म्हणालो, "नाही गं." ते खोटं होतं. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे.

आता दुकान बंद झालं. मामा नेकारसुल्मला लेकीकडे असतात. गेल्या रविवारी मी त्यांना फोन केला आणि तब्येतपाणी न विचारताच बोलून टाकलं, "मामा, त्या फेब्रुवारीत तुम्हाला दहा दिवस मिळत होते. मला माहीत होतं."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"मलाही माहीत होतं, व्याहीबुवा. बाईंचं पाकीट फोडून तुमच्या टेबलावर मीच तर ठेवलं होतं. दोन्ही पानं वाचली होती."

"मग भांडला का नाहीत? त्या पोरासाठी तर माझ्या छातीवर बसला होतात!"

"पोरगा परका होता हो. तुम्ही भाचीचे सासरे. मुलीकडच्यांनी कायदा दाखवायचा, आणि पोरीने तो जन्मभर ऐकायचा? विचारून पाहिलं, तुम्ही नाही म्हणालात. संपलं."

"चुकलो मामा," मी म्हणालो. याहून मोठा शब्द मला सापडला नाही.

"असू द्या, असू द्या." माझंच कपाळ चेपत असावेत अशा आवाजात ते म्हणाले. मग पुढे, "एवढंच, की सकाळी निघताना ही म्हणायची, थांबा ना, एक सांगायचंय. मी म्हणायचो, आल्यावर सांग. आल्यावर बघावं तर गोळीने झोप लागलेली. ते राहूनच गेलं."

"काय असेल?"

"काही नाही हो. माझे हिवाळ्याचे मोजे कुठे ठेवलेत, ते असेल." मामा हसले. मग म्हणाले, "पण मोजे तर जागेवरच होते."

मी फोन ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही. कुणीतरी काही सांगेल अशा आशेने आम्ही दोघं म्हातारे बराच वेळ नुसते ऐकत बसलो.